नियम मागाहून आले: सोनाटाच्या रचनाबंधाची कथा

फ्रेंच लेखक बेर्नार द फोंतनेल १७५७ साली वारला, तेव्हा त्याला शंभर वर्षे पुरी व्हायला जेमतेम महिना उरला होता. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या उद्गारांपैकी एक संगीताच्या इतिहासात कायमचा राहिला. केवळ वाद्यांवर वाजणारी सोनाटा ऐकून कंटाळलेल्या फोंतनेलने, ही आपल्याकडून नेमके काय मागते आहे, असा सवाल केला होता. रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात तो आवर्जून नोंदवला, कारण शब्दांचा आधार नसलेल्या संगीताबद्दल त्याचेही मत फारसे वेगळे नव्हते. गाण्याला शब्द असतात, ऑपेराला कथा असते, चर्चमधल्या संगीताला प्रार्थना असते आणि नाचाच्या संगीताला पावले असतात. यांपैकी काहीच नसेल तर वीस-पंचवीस मिनिटे चालणारे वादन श्रोत्याने कशाच्या बळावर ऐकायचे, हा प्रश्न त्या काळी रास्तच होता. पुढच्या पन्नास वर्षांत हायडन, मोझार्ट आणि बीथोवन यांनी त्याला जे उत्तर दिले, त्यालाच आज आपण सोनाटाचा रचनाबंध म्हणतो. हे उत्तर कुठल्या नियमपुस्तकातून आलेले नाही. रचनाकार आणि श्रोते यांच्यात हळूहळू अपेक्षांचा एक करार झाला, त्यातून ते घडले. नियम आणि नावे बरीच मागाहून आली. पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेकडे या क्रमाने पाहिले, तर तिचा बराचसा बाऊ नाहीसा होतो.

आधीची परिस्थिती किती सैल होती ते नावांवरूनच कळते. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ साली आपल्या एका प्रसिद्ध रचनेला सोनाटा म्हटले, ती वाद्यांच्या दोन गटांत चाललेल्या सवाल-जबाबाची. आर्कांजेलो कोरेल्लीच्या १७०० सालच्या सोनाटा व्हायोलिन आणि साथीच्या वाद्यांसाठी होत्या. त्यांतल्या काही चर्चच्या गंभीर वळणाच्या, तर काही नाचांच्या मालिका होत्या. सिंफनी या नावाचीही तीच गत. हाइनरिख श्युत्सने १६२९ साली हे नाव गायलेल्या धार्मिक रचनांना दिले, तर योहान सेबास्टियन बाखने कीबोर्डवर एकट्याने वाजवायच्या तीन स्वरावलींच्या छोट्या रचनांना सिंफोनिया म्हटले. म्हणजे नाव पाहून श्रोत्याला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नव्हता. संगीताला शिस्त नव्हती, असा याचा अर्थ नाही. बाखच्या फ्यूगमध्ये एकच विषय एका आवाजातून दुसऱ्यात जातो आणि सगळे आवाज काटेकोरपणे एकमेकांत गुंफले जातात. विवाल्दीच्या कॉन्चेर्टोत सगळा वृंद एक ठरावीक भाग पुन्हा पुन्हा वाजवतो आणि मधल्या जागा एकल वादक भरतो. १७११ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या त्याच्या कॉन्चेर्टोंनी ही रीत युरोपभर नेली. पण फ्यूगचा आनंद घ्यायला प्रत्येक आवाजाचा माग काढता यावा लागतो आणि कॉन्चेर्टोत एकल वादकाच्या करामतीची ओढ असते. निव्वळ स्वरांतून सुरुवात, गुंता आणि उकल यांचा अनुभव अनोळखी श्रोत्याला द्यायची सोय अजून व्हायची होती.

ती सोय ज्या तत्त्वावर उभी राहिली, ते मराठी श्रोत्याला आपल्याच संगीताच्या शेजारी ठेवून सहज उमगते. रागसंगीतात तंबोरे जुळले की षड्ज ठरतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. इतर सगळे स्वर त्या अढळ षड्जाच्या नात्याने अर्थ मिळवतात. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावलेल्या व्यवस्थेत रचना चालू असतानाच आधारस्वर बदलता येतो. एका षड्जावर सुरू झालेली रचना थोड्याच वेळात त्याच्या पंचमालाच नवा षड्ज मानू लागते आणि तिथे विसावते. मूळ आधारस्वराला टॉनिक म्हणतात, पंचमाला डॉमिनंट आणि या स्थलांतराला मॉड्युलेशन. त्या काळच्या नाचाच्या छोट्या तुकड्यांत हेच घडत असे. तुकड्याचे दोन भाग असत आणि दोन्ही दोनदा वाजत. पहिला भाग टॉनिकवरून निघून डॉमिनंटवर संपे. दुसरा तिथून निघून थोडा भटके आणि मूळ ठिकाणी परते. परतीचा स्वर लागेपर्यंत कानाला काहीतरी उरल्यासारखे वाटत राहते आणि तो लागला की समाधान होते. हे कळायला संगीत शिकावे लागत नाही. दोन मिनिटांच्या नाचातली ही ओढ दहा मिनिटांच्या रचनेला पुरवायची कशी, एवढाच प्रश्न होता. अठराव्या शतकातल्या रचनाकारांनी तो वेगवेगळ्या गावांत, आपापल्या गरजेप्रमाणे सोडवला.

ऑपेरा सुरू होण्यापूर्वी वाजणारी जलद, संथ आणि पुन्हा जलद अशा तीन भागांची इटालियन सिंफोनिया रंगमंचापासून सुटून स्वतंत्रपणे वाजू लागली, ती मिलानमध्ये. जोव्हान्नी बात्तिस्ता साम्मार्तिनी १७३०च्या दशकात अशा रचना करत होता. मानहाइमच्या दरबारात योहान श्टामित्सने वाद्यवृंदाला कडक शिस्त लावली. सगळा वृंद हलक्या आवाजातून हळूहळू चढत जातो तो क्रेशेंडो तिथल्या वादनाची ओळख ठरला आणि तीन भागांत मिन्युएट नाचाची भर पडून चार भागांची सिंफनी तिथे रुळली. बर्लिनमध्ये बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने १७४२ साली छापलेल्या कीबोर्ड सोनाटांत भावनेचे अचानक पालटणे आणले. एका गावातून दुसऱ्या गावी हस्तलिखिते जात, नकला होत, वादक नोकऱ्या बदलत. या सगळ्यांना एकत्र बांधणारा सिद्धान्त कोणी मांडलेला नव्हता. ज्या युक्तीने श्रोते गुंतत ती टिके, बाकीच्या मागे पडत.

या युक्त्यांची सर्वांत दीर्घ आणि कसोशीची परीक्षा योसेफ हायडनने घेतली. १ मे १७६१ रोजी त्याने एस्टरहाझी घराण्याशी जो करार केला, त्यात त्याचा दर्जा चाकरमान्याचाच होता. गणवेश घालायचा, दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवे की नको ते विचारायचे, वादकांमधली भांडणे मिटवायची आणि लिहिलेले संगीत परवानगीशिवाय कोणाला द्यायचे नाही, अशी कलमे त्यात होती. पण या चाकरीने त्याला एक दुर्मीळ गोष्ट दिली: रोज हाताशी असलेला, त्याच्याच तालमीत तयार झालेला छोटा वाद्यवृंद. लिहिलेले काही दिवसांत ऐकायला मिळे, न जमलेले बदलता येई. जगापासून दूर असल्यामुळे आपल्याला स्वतंत्र व्हावेच लागले, असे त्याने उतारवयात आपला चरित्रकार ग्रीसिंगर याला सांगितले. राजपुत्र निकोलाउस स्वतः बॅरिटॉन नावाचे तंतुवाद्य वाजवत असे आणि त्याच्यासाठी हायडनने तीन वाद्यांच्या शंभराहून अधिक रचना लिहिल्या. म्हणजे श्रोता एकच असला तरी तो जाणकार होता आणि वर्षानुवर्षे तोच होता.

या जाणकारीचा पुरावा १७७२ सालच्या ४५व्या सिंफनीत आहे. त्या वर्षी एस्टरहाझाच्या उन्हाळी राजवाड्यातला मुक्काम लांबला आणि कुटुंबे मागे ठेवून आलेले वादक कासावीस झाले. हायडनने अर्ज लिहिला नाही, सिंफनी लिहिली. शेवटचा भाग रिवाजाप्रमाणे वेगात सुरू होतो, जोमाने पुढे जातो आणि मूळ स्वरावर पोचायच्या ऐन बेतात, डॉमिनंटवर, थांबतो. तिथे भलताच संथ भाग सुरू होतो. एकेक वादक आपला शेवटचा तुकडा वाजवून मेणबत्ती विझवून निघून जातो आणि अखेरीस दोनच व्हायोलिने उरतात. राजपुत्राला इशारा कळला आणि दुसऱ्याच दिवशी निघायचा हुकूम झाला, असे ग्रीसिंगरच्या चरित्रात आहे. मेणबत्त्या विझल्या म्हणून अर्थ कळला, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. पण मेणबत्त्यांच्या आधीच स्वरांनी आपले काम केले होते. शेवटचा भाग जलद असतो आणि मूळ स्वरावर ठामपणे संपतो, ही अपेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात पक्की नसती, तर त्या मध्येच थांबण्यात काही गैर घडले आहे हे त्याला जाणवलेच नसते. शब्दांविना केलेली विनंती पोचली, कारण दोघांना ठाऊक असलेला संकेत तिने जाणूनबुजून मोडला होता.

इथे एक मोठा आक्षेप येतो. हा बंध अनोळखी श्रोत्यांसाठी घडला म्हणायचे, आणि त्याचा सर्वांत मोठा शिल्पकार तर दलदलीच्या प्रदेशातल्या एका राजवाड्यात एका धनिकासाठी लिहीत होता. हे दोन्ही खरे कसे? याचे उत्तर छपाईच्या धंद्यात मिळते. करारात बंदी असूनही हायडनच्या रचना १७६०च्या दशकापासूनच पॅरिसमध्ये छापून विकल्या जात होत्या. १७७९च्या नव्या करारातून ती बंदीच गळली आणि हायडन स्वतः प्रकाशकांशी सौदे करू लागला. १७८५-८६ साली त्याने पॅरिसच्या एका संगीतसंस्थेच्या मागणीवरून सहा सिंफनी लिहिल्या, तेव्हा तो त्या शहरात कधी गेलाही नव्हता. जिथले श्रोते त्याने पाहिले नव्हते, तिथे ते संगीत कळत होते. राजवाडा ही प्रयोगशाळा होती. प्रयोग टिकतो की नाही ते पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडनच्या तिकिटे काढून येणाऱ्या श्रोत्यांनी ठरवले.

हे श्रोते कसे ऐकत, याची एक साक्ष मोझार्टने वडिलांना ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून लिहिलेल्या पत्रात आहे. तिथल्या ‘कॉन्सेर स्पिरित्युएल’ या सार्वजनिक मैफलींत त्याची नवी सिंफनी वाजली होती. पहिल्या जलद भागाच्या मध्यावर हमखास आवडेल असा एक तुकडा त्याने घातला होता. तो वाजताच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. असा परिणाम होणार हे लिहितानाच ठाऊक असल्यामुळे तो तुकडा त्याने शेवटी पुन्हा आणला होता आणि पुन्हा दाद मिळाली. पॅरिसमध्ये शेवटचा भाग सगळी वाद्ये मिळून दणक्यात सुरू करतात, हे त्याने ऐकले होते. म्हणून त्याने तो फक्त दोन व्हायोलिनांच्या गटांवर, अगदी हळू, आठ मात्राखंड चालवला आणि मग एकदम सगळा वृंद सोडला. हळू भागात श्रोत्यांनी एकमेकांना गप्प केले आणि मोठा आवाज येताच टाळ्यांचा कडकडाट केला. या पत्रात कुठल्याही रचनाबंधाचे नाव नाही. पण बंध ज्यावर उभा असतो ते सगळे आहे: परिचित गोष्ट पुन्हा भेटण्याचा आनंद, ठाऊक असलेला रिवाज आणि तो लांबवून दिलेला धक्का.

१७९० साली निकोलाउस वारला आणि त्याच्या वारसाने वाद्यवृंद जवळजवळ मोडीत काढला. मैफलींचा आयोजक योहान पेटर सालोमन याने हायडनला लंडनला नेले. १७९१ ते १७९५ या काळातल्या दोन मुक्कामांसाठी हायडनने शेवटच्या बारा सिंफनी लिहिल्या. त्यांतली १०४वी ४ मे १७९५ रोजी त्याच्याच लाभार्थ झालेल्या मैफलीत वाजली. त्या एका संध्याकाळी चार हजार गुल्डन मिळाल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. तिचा पहिला भाग नीट ऐकावा. सुरुवातीला सगळा वृंद षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर ठासून वाजवतो, संथ आणि गंभीर, मायनर म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत. मग मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधार घेऊन, तंतुवाद्यांवर एक साधी, जलद चाल हळूच येते. वृंद ती उचलून धरतो आणि पंचमाकडे सरकतो. तिथे नवी चाल येईल असे वाटते, पण हायडन तीच चाल नव्या षड्जावर पुन्हा मांडतो. चाल तीच, पण तिच्याखालची जमीन वेगळी, आणि कानाला हा फरक स्पष्ट कळतो. इथवरच्या मांडणीला एक्स्पोझिशन म्हणतात. पुढे डेव्हलपमेंटमध्ये त्याच चालीतला एक छोटा तुकडा, एकाच स्वराच्या लागोपाठ ठोक्यांचा, तो बाहेर काढतो आणि एका आधारस्वरावरून दुसऱ्यावर असा फिरवतो की मूळ जागा दिसेनाशी होते. ताण शिगेला पोचतो आणि चाल मूळ षड्जावर परत येते, ते रीकॅपिट्युलेशन. एक्स्पोझिशनमध्ये पंचमावर मांडलेले सगळे आता मूळ षड्जावर वाजते आणि हिशेब मिटतो. फोंतनेलच्या सवालाचे याहून स्वच्छ उत्तर सापडणे कठीण आहे.

आता नियमपुस्तके पाहू. हाइनरिख क्रिस्टोफ कोख या जर्मन लेखकाने रचनाशास्त्रावरचे आपले तीन खंड १७८२ ते १७९३ या काळात छापले. त्यात सिंफनीच्या पहिल्या भागाचे वर्णन आहे आणि ते पुढे करून कोणी म्हणेल की नियम तर समकालीनच होते. पण कोखने वर्णन केले ते वाक्यांचे आणि विरामांचे. कुठल्या वाक्याने कुठल्या स्वरावर थांबायचे, याचा तो विचार करतो, जसा व्याकरणकार भाषणाचा करील. शिवाय जे वर्षानुवर्षे वाजत होते त्याची ती नोंद होती. हायडनने ती वाचून लिहायला घेतले नव्हते. चालींना केंद्रस्थान देणारे वर्णन आंतोन राइखा याच्या १८२४-२६च्या ग्रंथात ठळक होते. आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स याने १८४५ साली पहिली चाल पौरुषाची आणि दुसरी तिच्याविरुद्ध कोमल, स्त्रीस्वभावाची, अशी जोडी मांडली. बीथोवनचा शिष्य कार्ल चेर्नी याचेही वर्णन त्याच दशकातले. तोवर मोझार्टला जाऊन अर्धे शतक झाले होते, हायडनला पस्तीस वर्षे आणि बीथोवनलाही दीड तप. पुढे शाळाशाळांतून शिकवला गेलेला दोन विरोधी चालींचा साचा हा तिथला. त्या साच्याने मोजले तर १०४व्या सिंफनीचा पहिला भाग सदोष ठरतो, कारण तिथे विरोधी दुसरी चाल पंचमाचे दार उघडत नाही. प्रत्यक्षात सदोष तो साचा आहे. हायडनच्या श्रोत्यांना बांधून ठेवणारी गोष्ट आधारस्वरांचा प्रवास ही होती; चालींची संख्या रचनाकाराच्या मर्जीवर होती.

रूढ अपेक्षांमुळे प्रतिभेला वेसण बसली असेल, असे वाटणे साहजिक आहे. दुय्यम रचनाकारांच्या बाबतीत ते खरेही आहे. त्या काळच्या असंख्य सिंफनी साच्यातल्याच आहेत आणि त्या कोणी ऐकत नाही. पण मोठ्या रचनाकाराला अपेक्षेनेच ताकद दिली. बीथोवनच्या तिसऱ्या सिंफनीत, जिची पहिली जाहीर मैफल ७ एप्रिल १८०५ रोजी व्हिएन्नात झाली, रीकॅपिट्युलेशनच्या तोंडाशी व्हायोलिने अजून डॉमिनंटवर थरथरत असताना एकटा हॉर्न मुख्य चाल मूळ षड्जावर वाजवून टाकतो. तालमीच्या वेळी शेजारी उभा असलेला शिष्य फेर्डिनांड रीस याला वाटले की हॉर्नवाला मोजण्यात चुकला आणि तो तसे बोलूनही गेला. बीथोवन इतका संतापला की थप्पड मिळता मिळता राहिली, असे रीसने आपल्या आठवणींत लिहिले आहे. रीसचा कान बरोबर होता. परतीची नेमकी जागा त्याला आतून ठाऊक होती, म्हणूनच आधी आलेला स्वर त्याला खटकला. बीथोवनला तो खटकणेच हवे होते. ज्याला परतीची चाहूल नाही, त्याच्या लेखी ही जागा येते आणि जाते.

उलट बाजूनेही आक्षेप घेता येतो. करार, छपाई आणि तिकिटे यांतून सगळे समजावले तर हायडनच्या प्रतिभेचे काय उरले? हीच परिस्थिती त्या काळच्या कित्येक रचनाकारांना लाभली होती. तेव्हा परिस्थितीने हायडन घडवला, असे म्हणता येणार नाही. परिस्थितीने प्रश्न उभा केला आणि श्रोत्यांचा कान तयार केला. त्या कानाशी काय बोलायचे ते ज्याचे त्याने ठरवले. आणि हे बोलणे पोचले याची नोंद विचारवंतांच्या लेखनात दिसते. १७९० साली कांटने ललित कलांची प्रतवारी लावताना बुद्धीच्या संस्काराच्या दृष्टीने संगीताला खालची जागा दिली होती, कारण ते केवळ संवेदनांशी खेळते असे त्याला वाटले. वीसच वर्षांनी, १८१० साली, एर्न्स्ट थेओडोर आमाडेउस होफमान याने लाइपत्सिगच्या संगीतपत्रात बीथोवनच्या पाचव्या सिंफनीवर दीर्घ लेख लिहून शब्दविरहित वाद्यसंगीतालाच सर्वांत रोमँटिक कला ठरवले आणि हायडन, मोझार्ट, बीथोवन अशी परंपरा सांगितली. तत्त्वज्ञानात तेवढ्यात क्रांती झाली म्हणून हे घडले असेल, पण तेवढेच कारण पुरे पडत नाही. होफमानने त्या लेखात एक छोटासा स्वरसमूह सगळ्या भागाला कसा व्यापतो, ते छापील स्वरलिपीची उदाहरणे देऊन तपासले आहे. असे तपासता येण्याजोगे संगीत तोवर लिहिले गेले होते आणि तसे ऐकणारे लोकही होते.

म्हणून एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट, रीकॅपिट्युलेशन, टॉनिक, डॉमिनंट हे शब्द पाठ करून मग ऐकायला बसण्याची गरज नाही. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांच्या हाताशी यांतले बरेच शब्द नव्हते आणि ज्या पॅरिसकरांनी हळू भागात एकमेकांना गप्प केले त्यांच्याजवळही नव्हते. त्यांच्याजवळ सवय होती. एकच रचना चार-सहा वेळा ऐकली की तीच सवय कोणालाही लागते: सूर कुठून निघाला, कुठे जाऊन बसला आणि परत कधी आला, हे कान आपसूक टिपू लागतो. त्यानंतर हे शब्द उपयोगी पडतात, कारण आधीच कळलेल्या गोष्टीला ते नाव देतात. क्रम उलटा केला, आधी साचा आणि मग संगीत असा, तर हायडनसारख्याच्या सर्वोत्तम जागा अपवाद किंवा चुका वाटू लागतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवणाऱ्यांनी आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी पुढे ठेवावे ते संगीतच. परिभाषा त्याच्या मागोमाग येते, जशी ती इतिहासातही आली.